चाई पाहणारे भिंग

मित्रांनो, पितळी मुठीचे, कडेला खरचटलेले एक म्हातारे भिंग तुमच्याशी बोलते आहे. माझी काच दूर कुठे तरी घासली गेली, पण माझे आयुष्य गेले वाशीमला, त्वचेचे डॉक्टर माणिकराव यांच्या टेबलावर. नायटा, कोंडा, खवडे. सोयऱ्यांपासून लपवलेले हे सारे मला मात्र लोक दाखवत.

सन चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आसेगावचे देवमन आणि गंगू त्यांच्या वच्छलाला घेऊन आले. मुलगी मॅट्रिकच्या वर्गात होती, पण दिवाळीनंतर शाळेत गेलीच नव्हती. डोक्यावरचा पदर सोडायला ती तयार नव्हती. अखेर आईनेच तो सारला. केस गळून पडलेली चिंचोक्याएवढी गुळगुळीत चाई आणि तिच्या एका कडेला भाजल्यासारखे फोड.

"हे काय लावलंत?" डॉक्टरांनी विचारले.

"बिब्बा लावला जी म्या," गंगू खाली मान घालून म्हणाली. "केस खानारा किडा मरावा म्हनून."

"बाई, चाईत किडा नसतो. भाजली ती तुमची पोरगी."

गंगूने डोळ्यांना पदर लावला. देवमनने घाबरत विचारले, "महारोग तं नाही ना जी?"

डॉक्टरांनी टाचणीचे टोक हळूच टोचले. वच्छला झटकन मागे सरली. "दुखलं ना? महारोगाचा चट्टा बधिर असतो. मग हा तो नाही." मग त्यांनी मला चाईवर धरले आणि गंगूला जवळ बोलावले. माझ्या काचेतून त्या माउलीला मधोमध पिसासारखी बारीक पांढरी लव दिसली.

"वच्छे, उगून राह्यले व!" ती म्हणाली.

"आता नुसतं मलम. बिब्बा नको," डॉक्टर म्हणाले.

देवमनने टोपी काढून आपले टक्कल पुढे केले. "मंग माह्यंबी पाहून घ्या."

"देवमनजी, तुमचं गाव कधीच उठलं. तिथं कोणी परत येत नाही."

वच्छला हसली. पदर खांद्यावरच राहू देत ती म्हणाली, "बा, सोमवारी मी शाळेत जातो."

"पोरी हसतीन तं?" गंगूने विचारले.

"हसू दे. चाई हाये म्हनून सांगतो."

आता मी कपाटात असते. मुलांनो, मला पुसाल तर मऊ फडक्याने पुसा. आणि कुणाचे केस गेलेले दिसले, तर हसू नका. काही चोळण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. त्याला भीती नुसत्या केसांची नसते; आपल्या माणसांत बसता येईल की नाही, याची असते.