इस्त्रीचं गाणं

ही जाऊन चार महिने झाले. मुलगी तान्ह्या लेकीला घेऊन आमच्या इस्त्रीच्या दुकानात आली. नात रडून रडून लाल झाली होती.

"बाबा, आई मला कुठली अंगाई म्हणायची?"

"अंगाई कसली! कामाचं गाणं ते. एका कडव्यात एक शर्ट व्हायचा. तू टेबलाखाली टोपलीत ऐकत झोपायचीस."

"मग तेच म्हणा."

मला एकही शब्द आठवेना. शेवटी इस्त्री तापवली, शर्ट पसरला. कॉलरपाशी पहिली ओळ आली. बटणपट्टीपर्यंत कडवं पुरं झालं, तसा मी थांबलो.

"थांबलात काय? डोळे मिटतायत तिचे. दुसरा शर्ट घ्या!"

दुकानात तेवढा एकच उरला होता. मी अंगातला काढला.