आप्पांचं मीठ

"अहो, तेवढी मामंजींची गाठ काढून घ्या बाई. मला नाय जमायचं!" रत्नमाला सैपाकघराच्या दारातून दबक्या आवाजात म्हणाली. "डाक्टरीणबाईनं बजावून सांगितलंय, मीठ चिमूटभर बी नाय. आन् तुमचे आप्पा बसलेत उपरण्याला मीठ बांधून!"

अजिनाथ आरशासमोर उभा राहून खाकी वर्दीची बटणं लावत होता. नोकरीचा आज शेवटचा दिवस. त्यानं बायकोकडं न बघताच मान हलवली.

"आज नको. आजचा दिवस जाऊ दे."

बाहेर ओट्यावर आप्पा भिंतीला टेकून बसले होते. पाय सुजून टम्म झालेले, छातीत पाणी झालेलं, पण उपरण्याच्या टोकाची ती सुपारीएवढी गाठ मुठीत घट्ट. चार दिवस दवाखान्यात काढले तेव्हाही नर्सबाईंना त्यांनी गाठीला हात लावू दिला नव्हता. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्यानं सोनं बांधून ठेवलंय. कसलं सोनं! साधं खडेमीठ, गावाकडच्या खुलताबादच्या बाजारातलं.

आता या गाठीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

हवालदार म्हटलं की लोकांना पोलीसच दिसतो. अजिनाथला मात्र उभ्या जन्मात एक चोर पकडायला मिळाला नाही. तो दिल्लीच्या अर्थखात्याचा हवालदार, म्हणजे पूर्वीचं केंद्रीय अबकारी आणि आताचं जीएसटीचं ऑफिस, तिथला. दिल्लीत बजेट वाचलं जातं, देशाचा खर्च मांडला जातो, त्या खर्चासाठी गावोगाव कर गोळा करायचा हे या खात्याचं काम. आणि एवढ्या मोठ्या खात्याच्या पार शेपटाला अजिनाथ. वाळूजच्या कारखान्यातून परदेशी जाणारा माल निघाला की साहेबाच्या मागं जायचं, कंटेनरच्या कडीत तार ओवायची, लाख वितळवून ओतायची आणि ती गरम आहे तोवर पितळी शिक्का दाबायचा. त्याची बोटं लाखेनं भाजून कायमची काळी पडली होती. पुढं कारखानेच आपापलं सील लावायला लागले, शिक्का कपाटात गेला, आणि अजिनाथच्या वाट्याला उरल्या फायली आणि साहेबांचा चहा.

नोकरी लागली तेव्हा गावात केवढा आनंद झाला होता. धनगराच्या पोराला दिल्ली सरकारची नोकरी! गुरुजींनी नेमणुकीचा कागद पारावर मोठ्यानं वाचून दाखवला आणि कौतुकानं कायद्याचं नावही सांगितलं. केंद्रीय उत्पादन शुल्क आणि मीठ कायदा. आप्पांचा पेढ्याचा हात तोंडाजवळ जाऊन थांबला.

"मिठाचं खातं हाय व्हय हे?"

त्याचं असं होतं, की निजामाच्या काळात गोदावरीच्या अलीकडं त्याचं सरकार आणि पलीकडं इंग्रजांचं. आप्पा तेव्हा सात-आठ वर्षांचे. बापाबरोबर मेंढरं घेऊन नगरकडं चरायला गेलेले. मेंढरांना मीठ चाटवावं लागतं, नाहीतर ती माती खातात, म्हणून बापानं तिकडून मिठाची एक गोणी घेतली. परतताना काठावरच्या नाक्यावर करोडगिरी मागितली. करोडगिरी म्हणजे जकात. पैसे नव्हते. खूप हातापाया पडून झाल्यावर गोणी सुटली, पण तिच्या बदल्यात एक कोकरू नाक्यावर राहिलं. कपाळावर पांढरा टिळा असलेलं, आप्पांच्या हातून दूध प्यालेलं कोकरू. आप्पा सांगत, "डोंगर चढून वर आलो तरी त्याचं वरडणं ऐकू येत व्हतं." खरं तर एवढ्या लांब ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ते त्यांना सांगणार कोण?

त्या पारावरच आप्पांनी सांगून टाकलं. "नोकरी कर, नाय म्हणत नाय. पोटाचं हाय. पण नाक्याच्या पैशाचं मीठ माझ्या जिभंवर नको. ज्या दिशी ही वर्दी उतरंल, त्या दिशी तुझ्या घरचं मीठ खाईन."

आणि म्हातारा बोलला ते बोलला. पोराच्या घरी आले की रत्नमालेनं त्यांची आमटी मीठ घालण्याआधी वेगळी काढायची. आप्पा गाठ सोडायचे, आपलं मीठ घालायचे, बोटानं ढवळायचे. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती बिचारी रडली होती. मग सवय झाली.

अजिनाथनं काय कमी समजावलं? मिठावरचा कर स्वातंत्र्याबरोबरच गेला म्हणाला. आप्पा म्हणाले, "मग नावात कामून ठेवलाय?" पुढं सरकारनं कायद्याच्या नावातून मीठ काढून टाकलं, तेव्हा तो खास सुट्टी टाकून गावी गेला, बातमी सांगायला. आप्पा हसले. "पाटी बदलल्यानं दुकान बदलतं व्हय रं?" जीएसटी आला, मिठावर शून्य कर, तेही सांगून झालं. "कर नाय तर तू तिथं बसून काय करतो?" एकदा तर अजिनाथ चिडून म्हणाला होता, की तुमच्या गावचा रस्ता, तुमचं रेशन, त्यात आमच्या खात्याचा पैसा असतो. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रस्ता झाला, लई चांगलं झालं. पण माझं कोकरू कुठं गेलं ते सांग."

तेव्हापासून त्यानं नाद सोडला. मनात एकच धरलं, वर्दी उतरण्याचा दिवस. तो दिवस आज उगवला, आणि चार दिवसांपूर्वीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजोबांना जगवायचंय ना? मग मीठ बंद. अगदी बंद."

नशीब म्हणतात ते हेच.

ऑफिसात दुपारी निरोपसमारंभ झाला. श्रेया नावाच्या नव्या इन्स्पेक्टर मुलीनं हौसेनं खात्याच्या इतिहासाची चित्रं तयार करून पडद्यावर दाखवली. पहिलंच चित्र मिठागराचं. पांढरे ढीग, फावडी घेतलेली माणसं. मग तंबाखू, साखर, कापड, मोटारी. साहेब बोलायला उठले. म्हणाले, "दिल्लीतलं बजेट आपल्याला दिसतं. पण उन्हात कंटेनरपाशी उभा राहिलेला हवालदार कुणाला दिसत नाही. धरणाच्या भिंतीत, सैनिकाच्या भाकरीत अजिनाथरावांचा वाटा आहे." टाळ्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला.

"काका, दोन शब्द बोला ना!" श्रेया म्हणाली.

अजिनाथ उभा राहिला. त्याची नजर अजून त्या पहिल्या चित्रातल्या ढिगांवरच अडकली होती. इतकं मीठ! आणि आपल्या बापाला आपल्या घरचा एक खडा चालला नाही. ते सगळं सांगावंसं वाटलं. पण थकलेल्या माणसाला तेवढं बळ कुठून येणार?

"सगळ्यांनी लई सांभाळून घेतलं," तो म्हणाला आणि खाली बसला.

निवृत्त होणाऱ्याला ऑफिसच्या गाडीनं घरी सोडायची रीत आहे. संध्याकाळी गाडी पुंडलिकनगरच्या गल्लीत शिरली तशी पोरं गोळा झाली. आप्पा ओट्यावरच होते. अजिनाथ पाया पडला, आत गेला, वर्दी काढली, नीट घडी केली आणि सदरा-पायजमा घालून बाहेर आला.

आप्पांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"उतरवली?"

"उतरवली, आप्पा."

"आता परत नाय ना घालायची?"

"नाय."

"मंग सूनबाईला सांग, आज माझं येगळं काढू नको म्हणावं. समद्यांच्या पातेल्यातलं वाढ."

रत्नमालेच्या हातातला पळा तसाच राहिला. आमटी चुलीवर रटरटत होती, मीठ अजून पडायचं होतं. अजिनाथ आत आला, फळीवरची मिठाची बरणी काढली आणि चिमूट घेऊन पातेल्यावर धरली. सगळी नोकरी जिची वाट पाहिली ती चिमूट. "चिमटीनं काय व्हतंय?" तो स्वतःशीच पुटपुटला. रत्नमाला बाहेर बघत राहिली. ओट्यावरून आप्पांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. अजिनाथनं चिमूट परत बरणीत सोडली.

"आळणीच वाढ," तो म्हणाला. "समद्यांना."

"आन् त्यांच्या ध्यानात आलं म्हंजी?"

"येऊ दे मंग. शिव्या घालू दे. पण बसू तर दे ना ओट्यावर!"

तिघं जेवायला बसले. आप्पांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि पहिला घास तोंडात घातला. अजिनाथचा घास हातातच होता. मेंढरांचं मीठ खरं की भेसळीचं हे जिभेच्या टोकावर ओळखणारा माणूस तो. त्याला काय फसवणार होते? आप्पांनी घास सावकाश चावला, डोळे मिटले आणि गिळला.

"बराबर झालंय," ते म्हणाले. "मीठ अगदी बराबर."

रत्नमालेनं पदर तोंडाला लावला. अजिनाथनं आपला घास खाल्ला. निव्वळ पाणी. आप्पा मात्र जेवत राहिले. चवीनं खावं तसं, मध्ये थांबून दम घेत, निम्मी भाकरी संपवली. मग त्यांनी उपरण्याचं टोक पुढं ओढलं आणि सुजलेल्या बोटांनी गाठ सोडायला लागले. सुटेना. अजिनाथ मदतीला हात पुढं करायला गेला, पण त्यांनी तो बाजूला सारला.

गाठ सुटली. आप्पांनी त्यातलं मीठ तळहातावर घेतलं आणि सगळं अजिनाथच्या ताटाच्या कडेला ओतलं.

"घे," ते म्हणाले. "तुला कुठं डाक्टरीणबाईनं मना केलंय? दिसभर दमून आलास, आळणी नको खाऊ."

अजिनाथला बापाच्या तोंडाकडं बघवेना. त्यानं लाखेनं काळ्या पडलेल्या बोटानं एक खडा उचलून आमटीत टाकला आणि खाली मान घालून जेवू लागला. आप्पा भिंतीला टेकले. त्यांच्या मांडीवर उपरण्याचं रिकामं टोक पडलं होतं. रत्नमालेनं ते हातानं दोनदा सारखं केलं, पण गाठीची चुणी काही जाईना.