दोन मापांची चाकं

मित्रांनो, ट्राम म्हटलं की रस्त्याच्या मधोमध घंटा वाजवत जाणारी भलीमोठी गाडी तुमच्या डोळ्यांपुढे येईल. मीही ट्रामच आहे. पण मी लाकडाची आहे, हातभर लांबीची आहे, आणि झाशीच्या प्रेम नगरातल्या एका घरात शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर बसून असते. मी जिथे चालू शकेन असे रूळ या जगात कुठेच नाहीत. असं कसं झालं ते सांगते. सांगून काही बदलणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

मला अनंतरावांनी घडवलं. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून बदलून झाशीला आले आणि इथलेच झाले. अनंतरावांनीही इथल्या वॅगन वर्कशॉपमध्ये सुतारकाम करत जन्म घालवला. पुढे ते निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. घरातल्या प्रत्येक खुर्चीचा पाय दोनदा बदलून झाला, तेव्हा त्यांची बायको इंदू वैतागून म्हणाली, "अहो, आता मला तरी सोडा. नाहीतर माझाही गुडघा बदलाल."

त्यांची मुलगी बकुळ लग्नानंतर ब्रिटनमधल्या एका शहरात राहते. त्या शहरात फार पूर्वी ट्राम होत्या. मोटारींना अडथळा होतो म्हणून लोकांनी त्या मोडीत काढल्या आणि रुळांवर डांबर ओतलं. आता तिथे फक्त बस आहेत. बकुळची मुलगी स्वराली लहानपणापासून चाकांच्या खुर्चीत बसते, आणि बसमध्ये तशी खुर्ची ठेवायला एकच जागा असते. ती जागा आधीच कुणी घेतली असेल तर ड्रायव्हर हात जोडल्यासारखं तोंड करतो आणि बस निघून जाते. स्वराली पावसात थांबून राहते. म्हणून बारा वर्षांच्या त्या मुलीला आई एकटीला कुठे सोडत नाही. ट्राम असती तर दार रुंद असतं, तळ फलाटाच्या बरोबरीला असता, आणि ती कुणाला न विचारता आपली आपण आत गेली असती. तिला एवढंच हवं होतं. शहरात ट्राम यावी म्हणून धडपडणाऱ्या मंडळींबरोबर बकुळ दर शनिवारी बाजारात टेबल मांडून उभी राहायची.

एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, नकाशे दाखवून आम्ही दमलो. लोक मान डोलावतात आणि निघून जातात. हात लावून बघता येईल असं काहीतरी पाहिजे."

"नाप पाठव. बाकी मी बघतो," अनंतराव म्हणाले. त्या दिवसापासून ते पुन्हा कामावर जाऊ लागले, म्हणजे अंगणात.

बकुळने लांबी, उंची, दारं, खिडक्या अशी सगळी मापं पाठवली. त्या हिशेबाने त्यांनी मला एका जुन्या सागवानी पलंगातून कोरून काढलं. ओळखीच्या माणसाकडून पितळेची चाकं करून आणली. इंदूने खणाच्या तुकड्यांच्या गाद्या शिवल्या. तांब्याच्या तारेची एक इवलीशी चाकांची खुर्चीही झाली. शेजारची सलोनी रोज कठड्यावरून डोकवायची. "अंकलजी, पूरी झाँसी ई-रिक्शा में घूम रही है और आप ट्राम बना रहे हैं! चलेगी कहाँ?"

"विलायत में, बेटा," अनंतराव पॉलिश पेपर घासत म्हणायचे. "वहाँ हमारी नातिन बैठेगी।"

गौरी आल्या तेव्हा बकुळ आणि स्वराली सुट्टीसाठी झाशीत होत्या. इंदूने मला गौरींपुढच्या आराशीत ठेवलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी गौरींना नमस्कार करत आणि मग माझ्याभोवती घोळका करत. माझ्या कपाळालाही कुंकू लागलं. माझ्या कौतुकाला पारावार राहिला नाही आणि मी चढून गेले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. स्वराली मात्र कौतुक करत बसली नाही. तिने ती तारेची खुर्ची बोटाने ढकलत माझ्या दारातून आत नेली, बाहेर आणली, पुन्हा आत नेली. मग तिच्या तोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, मी अशी जाणार. एकटी. आई नको."

अनंतराव काहीतरी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बकुळच्या सामानातून मी विलायतेला गेले. तिथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळींनी एका मोठ्या टेबलावर अख्खं शहर मांडलं होतं. त्यात इस्पितळ होतं, स्वरालीची शाळा होती, आणि त्यामधून जाणारे छोटे रूळ होते. शहराचा कारभार बघणारे लोक ते पाहायला येणार होते. मी रुळांवरून शाळेच्या दारात थांबणार आणि स्वराली सगळ्यांसमोर ती खुर्ची आत ढकलणार, असं ठरलं होतं. बकुळने फोन असा उभा केला की इकडे झाशीत सगळं दिसावं. अनंतरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सलोनीलाही बोलावून बसवलं होतं.

ते लोक यायच्या आधी बकुळने मला रुळांवर ठेवून पाहिलं. एका बाजूची चाकं बसली, दुसऱ्या बाजूची बाहेर पडली. तिने मला उचलून पुन्हा ठेवलं. तेच झालं. कुणीतरी हसलं. हसण्यात वाईटपणा नव्हता, पण हसणं ते हसणंच.

अनंतरावांना एका क्षणात उमगलं. त्यांचा चेहरा उतरला.

"बकुळ, राहू दे बेटा. ती नाही बसणार. मी ब्रॉडगेज धरला गं. आपल्या झाशीचा."

तुम्ही म्हणाल, एवढा अनुभवी माणूस असा कसा चुकला? मित्रांनो, जन्मभर ज्याने एकाच रुंदीचे रूळ पाहिले, ओलांडले, त्यांच्या कडेला बसून डबा खाल्ला, त्याच्या मनात रूळ म्हणजे तेवढेच रुंद. पाठवलेल्या मापांत रुळांच्या मधलं अंतर नव्हतं, आणि ते विचारावं असं त्यांना वाटलंही नाही. साहेबाने इथे रुंद रूळ टाकले आणि स्वतःच्या घरी अरुंद ठेवले, हे झाशीच्या सुताराने का लक्षात ठेवावं?

त्या दिवशी मी रुळांच्या शेजारी एका रुमालावर उभी राहिले. पाहुणे आले. एकाने विचारलं, "ही चालत नाही का?" दुसरा म्हणाला, "मग खरी तरी काय चालणार?" आणि सगळे त्याच्याकडे बघून हसले. स्वरालीच्या मांडीवर ती तारेची खुर्ची होती. तिने ती मुठीत मिटून घेतली.

कारभार बघणाऱ्या त्या लोकांबरोबर अजून एक बैठक बाकी होती. म्हणून झाशीकडे येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर बकुळने मला परत पाठवलं. अनंतरावांनी त्याच दिवशी काम हातात घेतलं. माझी पुढची चाकं त्यांनी उपसून काढली, आतल्या बाजूला नवी भोकं पाडली आणि तिकडच्या मापात नीट बसवली. आता मागची तेवढी राहिली होती.

तेवढ्यात बकुळचा फोन आला. बैठक झालीच नव्हती. ट्राम आता नको, पुढे कधीतरी बघू, सध्या बसच बऱ्या, असं वरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"माझ्यामुळे झालं," अनंतराव म्हणाले.

"बाबा, काहीतरीच काय! तुमच्या चाकांचा काय संबंध? त्यांचं आधीच ठरलं होतं."

"ती चालली असती तर ते हसले नसते. हसले नसते तर विचार केला असता." यावर बकुळने नाना परींनी समजावलं, इंदू रागावली, रडलीसुद्धा. त्यांच्या मनातून ते गेलं नाही. त्यांनी हातातलं स्क्रू फिरवायचं पेचकस खाली ठेवलं आणि मला उचलून या फळीवर ठेवलं. तेव्हापासून माझी पुढची चाकं विलायतेच्या मापाची आहेत आणि मागची झाशीच्या. इथल्या मुलांच्या खेळण्यातले रूळ असोत की तिथले, मी कशावरच उभी राहत नाही.

दर रविवारी स्वराली फोनवर विचारायची, "आजोबा, गाडी झाली?"

"होईल, होईल," अनंतराव म्हणायचे. फोन ठेवला की ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मला वाटायचं, बघा तरी एकदा. अहो, मागचं काम उरलंय तेवढं करा. तिच्या शहरात ट्राम नाही आली तर नाही आली, निदान तिच्या टेबलावर तरी मला चालू द्या. पण लाकडाचं कोण ऐकतं?

इंदू मात्र गप्प बसली नाही. गेल्या रविवारी सकाळी तिने त्यांना धरून बसवलं. "पोरीला किती दिवस फसवणार? एक तर दुरुस्त करा, नाहीतर नाही होणार म्हणून सांगून टाका." अनंतरावांनी ते कबूल केलं. आज खरं सांगायचं, असं ठरवून ते फोनसमोर बसले. मध्येच त्यांनी पेचकस शोधून आणलं आणि मांडीवर ठेवलं. मी फळीवरून ते पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी मला आशा वाटली.

स्वरालीचा फोन आला. ती परीक्षेबद्दल बोलली. शेजारच्या मांजरीबद्दल बोलली. शाळेला आई मोटारीने सोडते, म्हणाली. मग "बाय आजोबा" म्हणाली.

अनंतरावांनी फोन ठेवला.

"विचारलं नाही तिनं?" इंदूने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मोठी झाली." आणि पेचकस उचलून त्यांनी खणात ठेवून दिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने तुम्हाला काय शिकवावं! मला पुसून ठेवा, जपा, असं मी म्हणणार नाही. जपून माझं काही भलं होणार नाही. पण तुमच्या गावात एखादी मुलगी दारात थांबून "मी एकटी कधी जाणार?" असं विचारत असेल, तर ती विचारतेय तोवरच काय ते करा.