काढलेला हिरवा

निगेटिव्हची पट्टी त्याने कडांना धरून उजेडाच्या टेबलावर ठेवली – नारिंगी फिल्मवर जांभळट पट्टे, प्रत्येक चौकटीत – म्हणजे कागदावर ते हिरवे उतरणार, हे शैलेंद्रच्या डोक्याआधी त्याच्या बोटाला कळलं आणि बोटाने मशीनची कळ चार वेळा दाबली. मजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, वाढवला की हिरवा मरतो. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या या फोटो लॅबमध्ये बावीस वर्षं तो हेच करत आला होता. ट्यूबलाइटखाली काढलेले वाढदिवस, कामगारांच्या खोल्यांतले ग्रुप फोटो, सगळे हिरवट येत आणि त्याच्या हातून माणसांच्या रंगाचे होऊन जात. चेहरा बरोबर आला की फोटो बरोबर, बाकी जग गेलं खड्ड्यात.

आणि हा रोल तर समिधाचा. स्कॉटलंडहून आलेला, मोज्यात गुंडाळून, सोबत चिठ्ठी. सूर्यावर मोठा स्फोट झाला म्हणे, त्याचं वादळ पृथ्वीच्या चुंबकावर येऊन आदळणार होतं, आणि तशा वादळात रात्रीच्या आभाळात अरोरा, उजेडाचे झुलते पडदे, दिसतो, म्हणून ही पोरगी परीक्षा तोंडावर असताना मैत्रिणीच्या गाडीतून दोन रात्री ढग चुकवत उत्तरेकडे पळत होती. दुसऱ्या रात्री एका कुरणाशी आभाळ उघडलं. ‘बाबा, मी अजून एकही फोटो बघितला नाही. आधी तुम्ही बघा. रंग सांगत नाही, दॅट्स द सरप्राइज. शुक्रवारी फोन करते, तेव्हा तुम्ही सांगायचं काय दिसलं.’

तुम्ही सांगायचं... वर्षभर आपण काय सांगितलं तिला? पुण्याची इंजिनिअरिंगची ॲडमिशन सोडून ती फिजिक्सला निघाली तेव्हा मी म्हणालो, आभाळाकडे बघून कोणाचं पोट भरलंय? तेव्हापासून तिचा फोन आला की ‘थांब, आईला देतो’, की संपलं. रागसुद्धा नव्हता उरला, नुसती सवय. आणि तिने मात्र भांडण नाही, रुसवा नाही, सरळ रोल पाठवला.

उद्या शुक्रवार.

प्रिंट बाहेर आल्या. आभाळ राखाडी, मळकं. एक्सरेच्या मशीनमधून रोल गेला असणार विमानतळावर, बिघडला बिचारीचा. पण शेवटच्या फोटोत ती स्वतः उभी होती, आणि चेहरा असा गव्हाळ, असा नेमका आला होता की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. जन्मली तेव्हा कावीळ होती तिला; पहिला फोटो हळदीसारखा पिवळा आला, तो पिवळा याने थेंबाथेंबाने काढला आणि मगच गावी आपल्या आईला पाठवला. त्यानंतरचे शाळेचे, स्नेहसंमेलनाचे, पासपोर्टचे – पासपोर्टच्या वेळी तर दोन सेकंद स्थिर बसेना, बायकोने, शोभनाने, मागून मान धरली होती – सगळे याच्याच हातचे.

रमजान होता, काउंटरवरचा हमदुल्ला उपाशीपोटी सुस्तावून एकेक प्रिंट उलटत होता.

“बेटी का है?”

“हं.”

“माशाल्ला. लेकिन भाईजान, गाडी के अंदर की बत्ती गुलाबी होती है क्या?”

शैलेंद्रने फोटो ओढून घेतला. समिधाच्या मागे उघड्या दाराची गाडी, आत छताला दिवा – पिवळा असायला हवा तो दिवा – चक्क गुलाबी. हा गुलाबी आपल्याच मजेंटाचा, म्हणजे रोल बिघडलेला नव्हता. फिल्मने जे होतं तेच टिपलं होतं. त्या रात्री तिथला उजेडच हिरवा होता... दोन रात्री धावून तिने जो पकडून आणला, तो मी चार कळांत पुसून टाकला, आणि वर खूश झालो.

फोन वाजला. शोभना. “आले का हो तिचे फोटो?”

“करतोय.”

“नीट करा. लेकीचे आहेत.”

त्याने पट्टी परत मशीनमध्ये घातली, सगळ्या कळा शून्यावर आणल्या आणि बोटं चक्क खिशात कोंबली. कागद सरकत आला. आभाळभर हिरवं, वर कडेला लालसर, असं काही त्याने या कागदावर कधी उतरू दिलं नव्हतं. आणि त्याखाली समिधा – गाल हिरवे, कपाळ हिरवं, ओठ काळपट. क्षणभर ओळखू येईना. बोट खिशातल्या खिशात वळवळलं. एकच कळ, अर्धी... निदान चेहरा तरी...

चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, तो फोटो मैत्रिणीने काढला, वीस सेकंद हलायचं नव्हतं. ही वीस सेकंद हलली नाही. मान धरायला कोणी नसताना, थंडीत, तोंड वर करून, हिरवी होत. इतकं काय होतं तिथे? त्याला एकदम वाटलं, आपण तिथे असायला हवं होतं. मागे गाडीपाशी, चहाचा थर्मास घेऊन, काही न बोलता.

हमदुल्लाने मान लांब करून पाहिलं. “अब रंग ठीक है?”

“पता नहीं,” शैलेंद्र म्हणाला. बावीस वर्षांत रंगाबद्दल हे उत्तर त्याने कोणाला कधी दिलं नव्हतं. हिरवा इतकाच होता, की याहून गडद, की निळसर – बरोबर काय ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि उद्या फोनवर तिलाच विचारावं लागणार होतं. आधी काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. पण विचारायचं आहे, या नुसत्या विचाराने त्याला बरं वाटत होतं, आणि थोडी भीतीही.