भांडं रिकामं परत द्यायचं नसतं

ऑक्टोबरात टेनेसीचे डोंगर लाल-पिवळे झाले की लॉरेल गॅपमध्ये मुंगी शिरायला जागा उरत नाही. पानं बघायला आलेली माणसं सकाळभर गाड्यांत अडकून पडतात आणि दुपारी भुकेने कावून टेटच्या बार्बेक्यू हॉटेलबाहेर रांग लावतात. दारावर पाटी आहे, ‘आजीच्या हातची चव’. टेटच्या आजीला अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. हात आहेत ते व्हर्नाचे. मांस हॉलिसकडे. तो मागच्या अंगणात हिकरीच्या लाकडाच्या धुरावर डुकराचा खांदा तासन् तास ठेवतो. बाकी कोलार्डची पालेभाजी, चीज घातलेली मॅकरोनी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग, हे सगळं गेली बावीस वर्षं व्हर्ना करते.

गुरुवारी हॉलिस लाकडं टाकून आत आला आणि दारातच घुटमळला.

“मिस व्हर्ना, एक सांगू? रागावणार नसाल तर.”

“रागावले तर काय करशील? सांग.”

“तुमची बहीण ओहायोला चाललीय, मुलाकडे. कायमची. घरपण विकलं. रविवारी जाता जाता इथं जेवणार, असं चर्चमध्ये माझ्या बायकोला म्हणाली.”

व्हर्नाचे हात कोलार्डचे देठ मोडतच राहिले. “एवढ्या रांगेत उभी राहून? ब्रिस्केट खायचं असेल तिला.”

ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचं मांस, ते टेटने टेक्सासहून येणाऱ्यांसाठी ठेवलंय; इथं खरं मांस डुकराचंच. इथल्या माणसाने ते मागवलं तर लोक वर्षभर नावं ठेवतात. हॉलिस हसला, मग तिचं तोंड बघून मागच्या अंगणात निघून गेला.

डेल्फी थोरली. राहायची अवघ्या चौदा मैलांवर. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा दोघी भांडल्या, त्या जमिनीवरून नाही की दागिन्यांवरून नाही, आईच्या पुडिंगच्या भांड्यावरून. पांढरं, कडेला निळी फुलं. डेल्फीने ते उचलून नेलं आणि व्हर्ना तिला नको नको ते बोलली.

दोन वर्षांनी व्हर्नाचा नवरा क्लाइड वारला. या डोंगरांत मयताच्या घरी गावभरातून जेवण येतं. प्रत्येक भांड्याच्या तळाशी चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. दुःख जरा निवलं की भांडं परत न्यायचं, आणि रिकामं न्यायचं नाही. त्या निमित्ताने दोघी बायका बसतात, बोलतात, रडायचं राहिलेलं रडतात. त्या दिवशी निळ्या फुलांचं भांडंही आलं, पुडिंगने भरून. डेल्फी मात्र चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

मला खिजवायला पाठवलं, व्हर्नाने ठरवून टाकलं. मदतीला येऊन भांडी विसळणाऱ्या शेजारच्या आयसीने ते व्हर्नाच्याच कपाटात ठेवलं, तेव्हा व्हर्ना तिच्यावर खेकसली, “ते डेल्फीचं आहे!” आयसी काहीतरी म्हणाली, पण त्या दिवशी व्हर्ना कुणाचं ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. भांडं कपाटाच्या माथ्यावर गेलं. हवं असेल तर येईल मागायला.

नऊ वर्षं कुणी आलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी गत. पण दारात गाडी थांबली की व्हर्ना आजही हात पुसत खिडकीशी जाते. तिला बहीण हवी होती. सकाळी फोन करून “काय गं, काय शिजवतेस?” विचारणारी बहीण. आणि आता ती आठ तासांच्या वाटेवर निघाली होती.

शनिवारी तिने भांडं खाली काढलं. आतून धुतलं, तळ मात्र भिजू दिला नाही. पट्टीवरचं डेल्फीचं नाव पुसलं जायला नको होतं, आणि ते बघायचीही तिची छाती नव्हती. मग आईसारखं पुडिंग केलं. हॉटेलात वर नुसती मलई थापतात. तिने अंड्यांचा पांढरा फेस करून भट्टीत बदामी होऊ दिला.

रविवारी दुपारी हॉलिसने आत डोकं घातलं. “खिडकीजवळचं टेबल. आणि ब्रिस्केट नाही मागवलं हं.”

व्हर्ना अॅप्रन न काढताच भांडं घेऊन बाहेर गेली. डेल्फी केवढीशी झाली होती! मुलाचा जुना कोट अंगात, समोर न खाल्लेला मक्याचा पाव.

“हे तुझं,” व्हर्ना म्हणाली. घरून पाठ करून आणलेलं बाकी सगळं विसरली. “रिकामं नाहीये.”

डेल्फी भांड्याकडे बघत राहिली. “माझं? ते मला कशाला देतेस?”

“मग कुणाला देऊ?”

डेल्फीने दोन्ही हातांनी भांडं वर उचललं, व्हर्नाच्या डोळ्यांसमोर. “खाली बघ.”

पट्टी पिवळी पडली होती. तिच्यावर डेल्फीचं डावीकडे कललेलं अक्षर, आणि नाव होतं ‘व्हर्ना’.

“तुझं म्हणूनच पाठवलं होतं,” डेल्फी म्हणाली. “तोंडाने चुकले म्हणणं मला कधी जमलंय का? वाटलं, तू वाचलंस, आणि तरी आली नाहीस.”

“मी वाचलंच नाही गं.”

“नऊ वर्षांत एकदा भांडं उलटं केलं नाहीस?”

“तुझं नाव असणार, म्हणून. बघवलं नसतं मला.”

“देवा रे! आई म्हणायची ते खरं. दोन पोरी जन्माला घातल्या, अक्कल एकीलाही नाही.”

व्हर्ना हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. रांगेतले लोक बघत होते, बघू देत. ती खुर्ची ओढून बसली. दोघींनी एकाच भांड्यातून खाल्लं, लहानपणीसारखं, आपापल्या कोपऱ्यातून. आत टेट ओरडत होता, मॅकरोनी संपली म्हणून. डेल्फीला न्यायला आलेला मुलगा घड्याळ बघत होता. अंधाराच्या आत त्याला घाट उतरायचा होता.

अर्धं भांडं उरलं. डेल्फीने ते व्हर्नाकडे सरकवलं. व्हर्नाने परत तिच्याकडे सरकवलं, वर कागद घट्ट बसवला आणि हात खाली घालून पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबलं.

“तू ने. नाव माझंच राहू दे.”

“म्हणजे परत आणून द्यावं लागणार मला.” डेल्फी पंचाहत्तरीची होती. दोघींना ओहायो किती लांब ते ठाऊक होतं.

“द्यावंच लागेल,” व्हर्ना म्हणाली. “आणि रिकामं आणलंस तर दारात उभी करणार नाही.”

डेल्फीने गाडीत भांडं मांडीवर घेतलं, मुलगा मागे ठेव म्हणाला तरी. गाडी रांगेमागे दिसेनाशी होईपर्यंत व्हर्ना दारात उभी होती. मग ती आत गेली आणि मॅकरोनीचं पाणी चढवलं.