क्रिस्टीनाची नांगरट

शरयूच्या हातून एक चूक झाली होती. ती आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढे तिचं कौतुक सुरू झालं की कोणाला आठवणार नाही.

साल १९८५. नेब्रास्कातल्या एका खेड्याला वसून शंभर वर्षं होत होती. पहिल्या वसाहतकऱ्यांची नावं दगडात कोरायची होती आणि एका नावावर घोडं अडलं होतं, क्रिस्टीना नेल्सन. एकटी बाई. त्या काळी सरकार जमीन फुकट द्यायचं, पण पाच वर्षं तिथे राहून ती कसली तरच. क्रिस्टीनाने जमीन कसल्याची खोटी शपथ घेऊन ती लाटली, असं गाव म्हणायचं. तिच्या मागे तिथे नुसतं गवतच राहिलं, पुन्हा नांगर लागला नाही, एवढं मात्र सगळ्यांना मान्य होतं. तिची पुतणी इंग्रिड हे टोमणे ऐकतच ऐंशीची झाली. अखेर तिने विद्यापीठात मातीवर संशोधन करणाऱ्या शरयूला गाठलं. शरयू परभणीकडची, शेतकऱ्याची लेक.

शरयूने पडक्या घराच्या जोत्यालगत खड्डे घेतले. भाजीच्या वाफ्याएवढीच माती हललेली निघाली. इंग्रिडबाईंचा चेहरा उतरला.

"टेकडीवर पाहिलंस का?" त्यांनी विचारलं. "माझे वडील सांगायचे, ती तिथे नांगर धरायची."

शरयूच्या गावात बाईने खुरपं धरायचं, नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, नाही. लहानपणी तिने हौसेने रुमणं धरलं, तर वडिलांनी तिचा हात काढून घेतला होता. तेच गाव डोक्यात घेऊन ती अमेरिकेत आली होती आणि बाईची शेती म्हणून घराभोवतीच उकरत बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी ती दिगंबरला घेऊन टेकडीवर गेली. तो नागपूरचा, तिच्याच विद्यापीठात इंजिनिअरिंग करणारा. कुदळ त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"यार शरयू, पाठ मोडली. बाकीचे होल्स कॅन्सल करू ना."

"नऊ म्हणजे नऊ."

नऊच्या नऊ खड्ड्यांत, बरोबर सहा इंचांवर, सुरीने कापावी तशी रेघ. वर हललेली माती, खाली न हललेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस एकर.

गावच्या शताब्दी समितीचा अध्यक्ष कार्ल स्वतः खड्ड्यात उतरला. उभा जन्म नांगरण्यात गेलेला माणूस. त्याने रेघेवरून बोट फिरवलं आणि टोपी काढली.

"हे नांगराचंच काम," तो म्हणाला. "आणि आम्हा बऱ्याच जणांपेक्षा सरळ. नाव कोरा."

इंग्रिडबाई खड्ड्याच्या काठावर बसून मनसोक्त रडल्या.

समारंभात जुना, घोड्यांचा नांगर आणला. पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, काढायचा मान इंग्रिडबाईंना मिळाला. त्यांनी शरयूला पुढे केलं.

"आमच्याकडे बायका नांगर धरत नाहीत," शरयू म्हणाली.

"आमच्याकडेही धरत नव्हत्या."

शरयूने रुमणं धरलं. घोड्यांनी तिला फरफटत नेलं, पण तिने हात सोडला नाही. टोकाला पोचल्यावर ती वळली आणि सगळ्यांच्या देखत वाकून पट्टीने खोली मोजली. त्याच संध्याकाळी तिने घरी वडिलांना पत्र टाकलं.

"दादा, आज मी नांगर धरला. तास थोडं वाकडं आलं, पण खोली बरोबर सहा इंच."