पेंटेकॉस्टच्या सुळेवाल्या डुकराचं गाऱ्हाणं

मी डुक्कर बोलतोय. नाक मुरडू नका. आमच्या पेंटेकॉस्ट बेटावर माझ्यासारख्याला भलेभले मान देतात. देश स्वतंत्र झाला तेव्हा झेंड्यावर डुकराचा सुळाच काढला. मला भरवणारी एडना तो झेंडा पाहून म्हणाली, "झालं! आता याचा रुबाब कुणाला आवरायचा?"

मी लहान असतानाच माझे वरचे दात काढले. मग खालच्या सुळ्यांना अडवायला कुणी राहिलं नाही, ते वळत वळत गोल होत गेले. असल्या तोंडानं उकरून खाता येत नाही. एडना अळकुड्या उकडायची, हातानं कुस्करायची आणि घास घास भरवायची. सुळ्याचं वर्तुळ पुरं झालं की मला वाजतगाजत मारायचं, हे मला ठाऊक होतं. त्याचं दुःख नव्हतं. आमच्यात मान मिळतो तो असा.

आधी माझ्या जिवावर एडनाच्या नवऱ्याला, गराएला, गावात मोठं पद मिळायचं होतं. पण स्वातंत्र्याच्या धामधुमीत त्यांचा एकुलता एक मुलगा टाबी भलत्यांच्या नादी लागला आणि डोंगरातल्या गावात जाऊन त्यानं एक घर पेटवलं. आत माणूस होता. तो मेला. टाबी बोटीत बसून सांतो बेटावर पळाला. डोंगरातला प्रमुख म्हणाला, "पुऱ्या सुळ्याचा डुक्कर आणा, रक्त विसरू. तोवर पोरानं या किनाऱ्याला पाय लावू नये."

तेव्हापासून मला भरवताना एडना टाबीशीच बोलायची. "खा रे बाबा, लवकर मोठा हो, घरी ये." मी पुढच्या घासाला तोंड उघडायचो.

अशात राजधानीतून सल्लागार साहेब आले. नव्या सरकारनं देशाची घडी बसवायला त्यांना परदेशातून बोलावलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. मला बिस्किटही दिलं. पण मला न्याहाळून गराएला म्हणाले, "इतकी वर्षं खातोय आणि अंगावर मांस एवढंच? हा तर शुद्ध तोटा आहे." त्यांनी लठ्ठ पांढरे डुक्कर आणले आणि सिमेंटचा गोठा बांधून घेतला. उद्घाटनाला मंत्री येणार होते. त्या दिवशी एकही डुक्कर जुन्या खोपटात दिसता कामा नये, नाहीतर योजना शेजारच्या बेटाला जाईल, अशी साहेबांची अट होती.

एडना घाबरली. "अहो, सिमेंटवर सुळा आपटला म्हणजे?"

"एका दिवसाचा तर प्रश्न. सगळा देश बघायला येतोय. ज्याचा सुळा झेंड्यावर, त्यालाच खोपटात लपवू?"

"मंत्र्यांना खोपटापाशी यायला काय धाड भरलीय? तुम्हाला मिरवायचंय, दुसरं काय!"

गराए हसला. तो आनंदात होता. माझं वर्तुळ पुरं झालं होतं, डोंगरात दिवस ठरला होता आणि टाबीला निरोपही गेला होता, की पुढच्या बोटीनं ये.

उद्घाटनाला टाळ्यांचा कडकडाट झाला. पांढरा डुक्कर बिथरला आणि कठडा ओलांडून माझ्या अंगावर आला. मीही कसला शहाणा! खोपटात एकटाच वाढलेला मी, त्याच्यावर धावून गेलो. तो बाजूला झाला आणि मी गव्हाणीच्या काठावर आदळलो. एक सुळा मुळाशी तुटला, आणि जोडी फुटलेला डुक्कर रक्ताच्या भरपाईला चालत नाही. बाहेर भाषण चालूच होतं.

साहेबांना मनापासून वाईट वाटलं. "दातच गेलाय, जनावर ठणठणीत आहे," ते गराएला समजावत होते. "याच्या बदल्यात दोन पांढरे घेऊन जा."

गराए ते दोन्ही घेऊन डोंगर चढला आणि दोन्ही घेऊन परत आला. "काय म्हणाले?" एडनानं विचारलं.

"म्हणाले, आमचा माणूस गेलाय, आम्हाला भूक लागलेली नाही."

पुऱ्या सुळ्याचा दुसरा डुक्कर गावात नाही. जो आहे त्याचा सुळा वळायला वर्षं लागतील. टाबीला थांबवायला गराए धावत दुकानातल्या वायरलेसवर गेला, तर बोट आदल्या दिवशीच सुटली होती.

आज सकाळपासून डोंगरातली माणसं किनाऱ्यावर बसून आहेत. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. मांडीवर कोयते आहेत. गराएनं मला दोरी लावून इथं आणलंय, एडनाही शेजारी उभी आहे. मला कशासाठी आणलंय, ते गराएलाही ठाऊक नसावं.

अहो, कुणीतरी त्यांना सांगा. सुळा तुटला, पण एडनानं भरवलेला प्रत्येक घास या अंगात आहे. तोटा म्हणा, काहीही म्हणा, पण मला मारा आणि माझं मरण त्या रक्ताच्या बदल्यात धरा. मला माणसांच्या भाषेत बोलता येत असतं तर त्यांच्या पाया पडलो असतो.

बोट आली. टाबी होडीत उतरलाय. किनाऱ्यावर एवढी माणसं आपल्यासाठी जमलेली पाहून तो हसतोय आणि आईला हात करतोय.